पानुचोला धर्मबाप हवा

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या कुत्र्यांच्या आणि कुत्र्यांमुळे आपल्याही डॉक्टर नीदिया तुयुब. व्यासपीठावर विराजमान असलेले, सांतियागो वस्तीच्या चर्चचे वंदनीय फादर सेटीना. सत्कारमूर्ती, मेरिदा चपटनाक मित्रमंडळाच्या संस्थापक आणि आजच्या दिवसापुरत्या अजूनही सर्वेसर्वा, एल्सी कान्चे, म्हणजे आपल्या एल्सीबाई. समुद्रकिनाऱ्यावरून, प्रोग्रेसोहून, एवढ्या उन्हात खास आलेले श्री. व सौ. सोसा; लवकर येऊन पंख्याखालच्या खुर्च्या पटकावलेल्या आणि उशिरा येऊन भिंतीला टेकून घाम पुसत असलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो; आणि व्यासपीठाच्या टेबलाखाली निद्रिस्त असलेले श्रीयुत पानुचो!

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. हा जो घरघराट तुम्हाला ऐकू येतोय, तो माइकचा दोष नाही. मघाशी दोघांनी येऊन वायर हलवून पाहिली. वायर ठणठणीत आहे. तो आवाज पानुचोचा आहे आणि भाषण संपेपर्यंत तो असाच चालणार आहे. फादर, तुमच्या प्रवचनातही लोक घोरतात, पण निदान तोंडावर हात ठेवून घोरतात. याच्याकडे ती रीत नाही.

मी विल्बर्थ उइकाब. बाजारामागचा बर्फाचा कारखाना माझा. तुमच्यापैकी निम्म्यांच्या लग्नातलं सरबत माझ्या बर्फानं गार झालेलं आहे. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "विल्बर्थ, पाच मिनिटं बोलशील का?" मी हो म्हणालो. मी वक्ता नाही, मला भाषणाचा सराव नाही, माझ्या शर्टाला इस्त्री नव्हती, तरी मी हो म्हणालो, कारण मला कुणाला नाही म्हणता येत नाही. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे. एल्सीबाईंना तर फारच चांगलं ठाऊक आहे. त्यावरूनच आमचं वाजलेलं आहे, आणि ते आज निस्तरायचं ठरवून मी इथे उभा आहे.

पण सत्कारमूर्तींविषयी आधी बोलायचं असतं. तसंच बोलतो.

एल्सीबाई शहर बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या, हे नव्या मंडळींना माहीत नसेल. त्या बसमध्ये चढल्या की ज्यांनी तिकीट काढलेलं असायचं तेसुद्धा खिसे चाचपायला लागायचे. एका मे महिन्यात, दुपारी, शेवटच्या थांब्यावर बस रिकामी होत असताना मागच्या सीटखालून कुणीतरी धापा टाकतंय असा आवाज आला. बाईंनी वाकून पाहिलं. एक पग. जीभ जमिनीला लागलेली, डोळे बाहेर आलेले, गळ्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नाही. बाईंनी उतरणाऱ्या माणसांना मोठ्यानं विचारलं, "याचं तिकीट कुणी काढलंय?" माणसं पाठ फिरवून चालू लागली. "मग हा माझ्याबरोबर येईल," बाई म्हणाल्या. अशी आपल्या मंडळाची स्थापना झाली. ना ठराव, ना सूचक, ना अनुमोदक.

त्यानंतर किती आले! आपल्या गावाचा उन्हाळा कसा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. माझा धंदाच त्याच्यावर आहे. या हवेत माणूस, ज्याला देवानं व्यवस्थित नाक दिलंय, तो चार पावलं चालून सावली शोधतो. आणि आपण हौसेनं आणायचं कोण? तर ज्याला नाकच नाही असा प्राणी! चेहरा गोड, कपाळावर आठ्या, वाढदिवसाला रिबीन बांधून दिला की पोरी खूश. पुढे मे उजाडला, तो धापा टाकायला लागला, आठ्यांमध्ये घाण साचून वास मारायला लागला, डोळा लाल झाला, की मग "अहो, आमच्याकडे जागा लहान आहे हो" सुरू. काहींना तर पिल्लांसाठीच वापरून, म्हातारी झाल्यावर रस्त्याच्या कडेला सोडून दिलेलं. त्या आयांना एल्सीबाईंनी दारात उतरवून घेतलं, त्यांच्या आठ्या कापूस ओला करून एकेक पुसल्या, डोळ्यांत थेंब घातले, आणि उजाडायच्या आत, दगड गार असतात तेव्हा, फिरायला नेलं. जाड झालेल्यांना बारीक केलं. हे सगळ्यात कठीण काम. कारण रविवारी अख्खं गाव डुकराच्या भाजलेल्या मांसाचं कोचिनीता खातं, पगाला एवढासा तुकडा म्हणून प्रत्येक जण स्वतंत्रपणे देतो, आणि सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यासमोर फुगलेल्या पोटांची रांग लागते. एल्सीबाईंनी एका गृहस्थांना विचारलं होतं, "तुम्ही याला मांस दिलंत?" ते म्हणाले, "नाही बाई, नुसता रस्सा." "तुम्हाला मी नुसता रस्सा पाजून जिना चढायला लावते," बाई म्हणाल्या. ते गृहस्थ इथेच बसलेले आहेत. नाव घेत नाही. कडेला बसलेत, निळा शर्ट.

घर तपासायला जाण्याची एल्सीबाईंची पद्धत तर तुम्ही सगळ्यांनी भोगलेली आहे. पग मागितला की बाई घरी येणार. अंगणात सावली किती, पाण्याचं भांडं कुठे, हे सगळे पाहतात. एल्सीबाई आधी तुमच्या दोन भिंतींमध्ये टांगलेल्या झोळीत जाऊन पडणार. हसू नका. आपण सगळे झोळीत झोपणारी माणसं, आणि लाडानं कुत्र्याला झोळीत घेणारी माणसं. त्या जाळ्यात पग गुरफटला की त्याला ना श्वास घेता येतो ना खाली उडी मारता येते. म्हणून बाई स्वतः झोपून पाहायच्या की झोळी जमिनीपासून किती उंच आहे, खाली चटई आहे का, पंखा कुणावर येतो.

एका घरी बाई पगाला बरोबर घेऊन गेल्या, अशा तपासायला पडल्या आणि दुपारची वेळ, त्यांना झोप लागली. चांगली गाढ. घरचे बिचारे घाबरून भिंतीला चिकटून उभे. तपासनीसबाईंना उठवायचं कसं? बाई जाग्या झाल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. पंखा त्यांच्यावर नव्हता. घरच्या बाईंनी तो जमिनीवर निजलेल्या पाहुण्या पगाकडे फिरवला होता आणि एल्सीबाईंना घाम फुटला होता. बाई उठल्या, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पास." बाकी काही पाहिलंच नाही. मला त्यांचा हा निकाल फार आवडतो. मी ते कधी त्यांना बोलून दाखवलं नाही, कारण आम्ही तेव्हा बोलत नव्हतो.

आता त्या भांडणाकडे येतो. डॉक्टरबाई घड्याळ पाहताहेत, मला दिसतंय.

सुरुवातीच्या काळात लोक पग न्यायचे आणि उन्हाळा आला की गुपचूप एल्सीबाईंच्या फाटकाला बांधून जायचे. सह्या घेतल्या, काही उपयोग झाला नाही. आपल्याकडे सहीला कोण भितो? मग बाईंनी विचार केला की आपली माणसं भितात कशाला? आणि त्यांना उत्तर सापडलं. आपली माणसं धर्मबापाला भितात! बाप्तिस्म्याला धर्मबाप, पहिल्या प्रसादाला धर्मबाप, लग्नाला अंगठीचा धर्मबाप, केकचा धर्मबाप, बँडचा धर्मबाप. आणि एकदा मुलाचा धर्मबाप झाला की मुलाचे आईबाप आणि तो एकमेकांचे कोम्पाद्रे आणि कोमाद्रे होतात. मग जन्मभर एकमेकांना त्याच नावानं हाक मारायची, एकमेकांच्या दारात खाली मान घालून जावं लागेल असं काही करायचं नाही. सख्ख्या भावाशी बोलणं टाकतील लोक, पण कोम्पाद्रेशी नाही.

म्हणून बाईंनी नियम केला. पग हवा? आणा धर्मबाप. चारचौघांसमोर त्यानं म्हणायचं की उद्या या घरानं हात टेकले, माणूस मेला, नोकरी गेली, काहीही झालं, तर या कुत्र्याला माझं दार उघडं आहे. मग नारळाचं गारेगार सोर्बेत वाटायचं, आणि झाला विधी. फादर सेटीनांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की कुत्र्यावर पवित्र पाणी पडणार नाही. आम्ही आग्रह केला नाही. फादर सोर्बेत खायला मात्र दर वेळी आले, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

नियम उत्तम. फाटकाला बांधलेले पग बंद झाले. पण त्यात एक खोट होती, आणि ती खोट मी होतो, असं एल्सीबाईंचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्हीच न्याय करा.

सोर्बेतला बर्फ लागतो. बर्फ घेऊन मी जायचो. प्रत्येक विधीला मी हजर. आता ऐन वेळी एखाद्याचा धर्मबाप आला नाही, तर यजमान कुणाकडे पाहणार? दारात ओल्या अंगानं उभ्या असलेल्या बर्फवाल्याकडे! "विल्बर्थ, तू होशील का?" आता तुम्ही सांगा, तुमच्या आईनं तुम्हाला काय शिकवलं होतं? धर्मबाप हो म्हटलं तर नाही म्हणायचं? आपल्या गावात हे कुणी ऐकलंय? तो माणसाचा अपमान आहे. मी हो म्हणालो. पुढच्या विधीला दुसऱ्यांदा. मग लोक आपला धर्मबाप शोधायचेच सोडून द्यायला लागले. बर्फ मागवला की धर्मबाप बर्फाबरोबर येतो, असा समज पसरला.

आणि मग तो मे आला, तो गेल्या वर्षीच्या आधीचा, जेव्हा भर दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली. पंखे बंद, एसी बंद. घराघरात पग धापा टाकायला लागले. आणि घराघरात कुणालातरी आठवलं, अरे, आपला कोम्पाद्रे आहे ना! त्याचा बर्फाचा कारखाना आहे! त्याच्याकडे जनरेटर आहे!

मंडळी, मी त्या दुपारचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो, की माझ्या थंड खोलीबाहेरच्या ओवरीत पाय ठेवायला जागा नव्हती. काळे, पिवळे, एका डोळ्याचे, तीन पायांचे, आणि प्रत्येकाबरोबर त्याचं अख्खं कुटुंब, आजीसकट. सगळे मला कोम्पाद्रे म्हणत होते आणि मला कुणाचंच नाव आठवत नव्हतं. गारवा मिळाला तसे पग एकेक करून झोपले. आणि घोरायला लागले. इतके, की माझा मेकॅनिक शेजारून धावत आला आणि म्हणाला, "मालक, कॉम्प्रेसर गेला!" त्यानं मशीन उघडलंसुद्धा. एका लग्नाची बर्फाची ऑर्डर होती, ती लादी काढायला गेलो तर लादीच्या पोत्यावर एक पगीण पसरलेली. तिला हलवलं नाही. लग्नाला सरबत कोमट गेलं. नवरामुलगा आज इथे असेल तर त्यानं आता मनात काही ठेवू नये.

संध्याकाळी एल्सीबाई आल्या. दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. एकही पग दगावला नव्हता हो! बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "उइकाब, यातले तुमचे किती?"

मी म्हणालो, "सगळे."

"आणि जनरेटर बंद पडला असता तर?"

"पडला नाही ना पण!"

"तुम्ही आडवे झाला असता तर? तुम्हाला कोण आहे? एका माणसाच्या गळ्यात एवढ्या जिवांची दोरी? तुम्ही यांना हो म्हणालात, पण विचार करून म्हणालात का? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला मी काय समजू?"

आणि तिथेच, माझ्याच कारखान्यात, माझ्याच बर्फाचं पाणी पीत, बाईंनी दोन नियम केले. पहिला, यापुढे कुणीही दोनपेक्षा जास्त पगांचा धर्मबाप होणार नाही. दुसरा नियम फक्त माझ्यासाठी. "उइकाब कुणाचाही धर्मबाप होणार नाही. जोवर मी त्यांच्या तोंडून माझ्या कानांनी एक 'नाही' ऐकत नाही, तोवर." माझे सगळे धर्मपुत्र दुसऱ्यांना वाटून टाकले. ज्यांना मी नाही म्हणू शकलो नव्हतो, ते सगळे मला पुन्हा नुसतं विल्बर्थ म्हणायला लागले. मला वाईट वाटलं. अजून वाटतं. मी काही चोरी केली नव्हती.

सौ. सोसा, मला दिसतंय की तुम्ही पिशवीतली साखळी बाहेर काढलीत. एक मिनिट थांबा. तुमच्याचकडे येतो.

आता हा पानुचो. नाव एल्सीबाईंनी दिलं. पानुचो म्हणजे काळ्या घेवड्यानं आतून भरलेली फुगलेली पोळी, आणि याच्याकडे पाहिलंत तर दुसरं काही नाव सुचणार नाही. हा एका फोटो स्टुडिओत होता. टोपी घालायची, चष्मा लावायचा, मुलांच्या मधे बसवायचं आणि दिवसभर दिव्यांखाली फोटो काढायचे. एक डोळा त्या दिव्यांनी आणि दुर्लक्षानं गेला. डोळा गेल्यावर फोटो चांगले येईनात, म्हणून हाही गेला. बाईंकडे आला तेव्हा कुठेही 'खट्' असं वाजलं की हा ताठ बसायचा, मान वर करायचा आणि हलायचा नाही. दार वाजो, डबा वाजो, दिव्याचं बटण वाजो. झोपेतून उठून बसायचा. थकून पडेपर्यंत तसाच.

एल्सीबाईंनी घरातली सगळी बटणं बदलली. आवाज न करणारी बसवली. ती येईपर्यंत त्या संध्याकाळी दिवाच लावायच्या नाहीत. मी एकदा बर्फ द्यायला गेलो तर अंधारात बसलेल्या. मी म्हटलं, "वीज गेली का?" म्हणाल्या, "हळू बोला. झोपलाय."

याला कुणी नेलं नाही. एक डोळा, म्हातारा, घोरणं हे असं. बाईंनी त्याची नोंद केली होती, 'तात्पुरता मुक्काम'. मंडळी, हा तात्पुरता मुक्काम सहा वर्षं चाललाय. त्याला जेवताना शेजारी बाई लागतात. बाईंना झोपताना त्याचं घोरणं लागतं, तो दवाखान्यात राहिला होता त्या वेळी बाई दिवसभर लाल डोळ्यांनी फिरत होत्या आणि विचारलं की म्हणायच्या, "धूळ." तरी विचारा त्यांना, हा कुणाचा? आजही म्हणतील, "मंडळाचा."

आणि आज बाई मंडळातून निवृत्त होताहेत. सत्तरी केव्हाच ओलांडली, गुडघे बोलायला लागले, डॉक्टरबाईंनी वजन उचलायला बंदी केली. ठीक आहे. पण मंडळातून निवृत्त होणाऱ्याच्या घरातला तात्पुरता मुक्काम संपतो, हाही बाईंचाच नियम. पग कायमचा ठेवायचा तर धर्मबाप हवा, हाही त्यांचाच. आणि या सभागृहात जो कुणी शहाणा माणूस आहे त्याच्या गळ्यात आधीच दोन-दोन पग आहेत, कारण माझे तुम्हीच वाटून घेतलेत! डॉक्टरबाई म्हणाल्या, "एल्सी, एकदा दोनाचे तीन करू." बाई म्हणाल्या, "मी जाता जाता माझ्यासाठी नियम वाकवला, तर उद्या तो कोण पाळेल?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग बाहेरच्या कुणाला तरी विचार." बाई म्हणाल्या, "विचारणार नाही. आपल्या गावात विचारलं की लोक हो म्हणतात. मला तसलं हो नको. माझ्या माघारी याचं काय, याला खरं उत्तर हवं."

म्हणून प्रोग्रेसोचे सोसा पती-पत्नी आले आहेत. फार भली माणसं. घर तपासून झालंय, धर्मबाप तयार आहे, समुद्राचा वारा आहे, झोळी बुटकी आहे. मला त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. आज हे भाषण, मग सोर्बेत, मग पानुचो त्यांच्याबरोबर जाणार.

मघाशी एल्सीबाईंना फुलं देताना फोटोवाल्यानं चार-पाच फोटो काढले. खट्, खट्, खट्. तुम्ही सगळे फोटोकडे पाहत होता. मी टेबलाखाली पाहत होतो. याची मान वर झाली नाही. तो बाईंच्या चपलेवर हनुवटी ठेवून घोरत होता. सहा वर्षांचं काम ते. ती चप्पल प्रोग्रेसोला जाणार नाही आणि हा जाणार, हे मला काही पटत नाही.

आता माझ्या कामाकडे येतो. एल्सीबाई, गेल्या आठवड्यात तुम्ही कारखान्यात आलात आणि म्हणालात, "उइकाब, रविवारी समारंभ झाला की पानुचोला तुमच्या थंड गाडीतून प्रोग्रेसोला सोडा. दुसऱ्या गाडीत त्याला ऊन लागेल." आठवतंय? मी काय उत्तर दिलं? मी खोकलो. तुम्ही मान डोलावून निघून गेलात, कारण माझ्याकडून दुसरं काय येणार, हे तुम्हाला पाठ होतं.

त्या दिवसापासून मी घरी सराव करतोय. माझी बायको माझ्यासमोर बसायची आणि काहीबाही मागायची, आणि मी नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मला नवा फ्रीज घेतोस?" फ्रीज आला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माझी बहीण महिनाभर राहायला येऊ दे?" ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. नमस्कार. आनंद आहे तुम्ही आलात. तिसऱ्या दिवशी बायकोनं हात टेकले.

पण आज प्रयत्न करतो. फादर, माझ्यासाठी प्रार्थना करा. बर्फवाल्याला घाम फुटलाय.

एल्सीबाई, पानुचोला प्रोग्रेसोला सोडणार का, याचं उत्तर... नाही.

नाही! मी नेणार नाही. गाडी माझी आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, आणि ती मी तुम्हाला देणार नाही, डॉक्टरबाईंना देणार नाही, फादरांनाही देणार नाही. टाळ्या नकोत, मला चक्कर येईल.

सौ. सोसा, मला क्षमा करा. तुम्ही साखळी नवी आणलीत. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात दोघी बहिणी आल्या आहेत, रस्त्यावर सोडलेल्या, दोघींना एकमेकींशिवाय झोप येत नाही, आणि डॉक्टरबाई म्हणतात त्यांना समुद्राचा वारा फार मानवेल. काय म्हणता? जरा मोठ्यानं... ऐकलंत का मंडळी? सौ. सोसा म्हणताहेत, "दोघी चालतील हो. या आजोबांना उठवायचं पाप आम्हाला नको." देव तुमचं भलं करो. दुसरी साखळी माझ्याकडून.

एल्सीबाई, तुमची अट पुरी झाली. तुमच्या कानांनी ऐकलंत. माझ्या गळ्यात आज एकही पग नाही; तुम्हीच रिकामा करून ठेवलात. मला कुणी विचारलेलं नाही, कुणी दारात गाठलेलं नाही, माझ्या खांद्यावर बर्फ नाही. मी आपणहून म्हणतोय. तुमच्या माघारी, आणि ती वेळ लांब असो, या म्हाताऱ्याला माझं दार उघडं. माझ्या बायकोला विचारलंय. आणि मी आडवा झालो तर ती आहे, तिला तर नाही म्हणायला उत्तम येतं, तरी ती हो म्हणाली आहे. मेहुणीही हो म्हणाली आहे. ती काही लवकर जात नाहीये.

हं? बाई काहीतरी विचारताहेत. थांबा, सगळ्यांना सांगतो. बाई म्हणताहेत, "पाठ करून आलात. कशावरून खरं? उइकाब, उद्यापासून मंडळाचं काम तुम्ही बघाल का? माझ्या खुर्चीवर बसाल?"

पाहिलंत, किती वाईट आहे ही बाई! ही खुर्ची कुणाला नको? माझी आई वरून बघत असेल. ओठांपर्यंत आलंय माझ्या... एल्सीबाई, नाही. ते काम डॉक्टरबाईंचं. मी बर्फ आणीन. आणि रोज सकाळी, दगड गार असताना, पानुचोला तुमच्या बरोबरीनं फिरायला नेईन. एवढंच माझं. विचार करून सांगतोय.

आता बाई चष्मा पुसताहेत. बाई, इथे धूळ नाही, सकाळीच फरशी पुसली आहे. घेतलंत का मला धर्मबाप म्हणून? बोला की काहीतरी, सगळं सभागृह थांबलंय. नुसता हाच घोरतोय.

...

मंडळी, बाई काय म्हणाल्या ते मागच्यांना ऐकू आलं नसेल. बाई म्हणाल्या, "पुरे झालं. पाच मिनिटं केव्हाच संपली. बसा आता, कोम्पाद्रे."

मला पुढे काय बोलायचं होतं ते मी विसरलो. आभार मानायचे होते. अध्यक्षांचे, की त्यांनी मला थांबवलं नाही. फादरांचे, की ते पाणी शिंपडणार नाहीत पण सोर्बेतला थांबतील. सोसा पती-पत्नींचे, ज्यांच्या घरी आज एकाऐवजी दोन जातील. आणि तुमचे, की एवढ्या उकाड्यात तुम्ही एका बर्फवाल्याला सहन केलंत. बोलण्याच्या भरात निळ्या शर्टाच्या गृहस्थांना, त्या नवऱ्यामुलाला किंवा माझ्या मेहुणीला काही लागलं असेल, वेळेचं भान राहिलं नसेल, कुणाचं नाव घ्यायचं चुकलं असेल, तर ते या गावच्या उन्हाच्या खात्यावर टाका आणि मला पदरात घ्या. आणखी बोललो असतो. पण माझी कोमाद्रे म्हणतेय बसा, आणि तिला आता मला नाही म्हणता येत नाही.